ड्रॉवरमधले १२ सेल, त्यातले ४ संपलेले: टॉर्च पेटणार का?

परिस्थिती अशी आहे. ड्रॉवरमध्ये १२ सेल पडलेत, सगळे एकाच साईजचे, दिसायला सेम टू सेम. त्यातले ४ संपलेले आहेत एवढं पक्कं माहितीये, कारण कोणीतरी वापरलेले सेल काढून परत तिथेच टाकलेत, पण कुठले ४ ते कुणालाच सांगता येत नाही. टॉर्चला ३ सेल लागतात आणि ते एकामागे एक बसतात, म्हणजे तीनपैकी एक जरी मेलेला निघाला तरी उजेड नाही. लाइट गेलेत, अंधारात हात घालून ३ सेल काढले, टॉर्चमध्ये टाकले, बटण दाबलं. पेटण्याची शक्यता किती, आणि नाही पेटला तर पुढे नेमकं काय करायचं?

दोन गोष्टी गृहीत धरू. सेल एकतर चांगला नाहीतर संपलेला, अर्धवट जिवंत वगैरे प्रकार नाही. आणि हात घातल्यावर कुठलाही सेल हाताला लागायची शक्यता सारखीच.

पहिला भाग सोपा आहे पण तिथेच बरेच जण घसरतात. डोक्यात असं येतं की १२ पैकी ८ चांगले म्हणजे २/३, तीन सेल म्हणजे २/३ चा घन, झालं, ८/२७, साधारण २९.६ टक्के. हे उत्तर बरोबर कधी असतं, तर एक सेल काढला, बघितला, परत ड्रॉवरमध्ये टाकला, हलवला आणि मग दुसरा काढला तर. इथे तर आपण सेल हातात धरून ठेवतोय. पहिला चांगला निघाला की ड्रॉवरमध्ये ११ उरले आणि त्यात चांगले ७, म्हणून दुसऱ्यासाठी ७/११. तोही चांगला निघाला तर १० मध्ये ६, म्हणून ६/१०. आता गुणाकार करा: ८/१२ × ७/११ × ६/१० = ३३६/१३२०, म्हणजे १४/५५, म्हणजे २५.५ टक्के. चार टक्क्यांचा फरक पडला, आणि तो खालच्या दिशेने पडला कारण प्रत्येक चांगला सेल बाहेर आला की आत मेलेल्यांचं प्रमाण वाढत जातं.

ड्रॉवर मोठा असता तर हा फरक जवळपास गायब झाला असता. समजा १२०० सेल आणि त्यात ४०० संपलेले, प्रमाण तेच, तर ८००/१२०० × ७९९/११९९ × ७९८/११९८ हे २९.५९ टक्के येतं आणि परत ठेवून काढण्याचं उत्तर २९.६३. म्हणून सर्व्हे वगैरे करताना नमुना एकूण संख्येच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर परत ठेवलं असं मानून हिशोब केला तरी चालतो असा नियम शिकवतात. आपल्याकडे १२ मधले ३ म्हणजे २५ टक्के माल एका झटक्यात बाहेर येतोय, इथे ती सूट घेता येत नाही.

हाच हिशोब मोजणीने पण करता येतो आणि मला स्वतःला तो जास्त आवडतो, कारण त्यात सगळं चित्र एकदम दिसतं. १२ मधून ३ सेल निवडायचे प्रकार २२० आहेत. तिन्ही चांगले असे प्रकार ५६ (८ मधून ३). एक मेलेला दोन चांगले असे ४ × २८ म्हणजे ११२. दोन मेलेले एक चांगला असे ६ × ८ म्हणजे ४८. तिन्ही मेलेले असे ४. बेरीज करून बघा, ५६ + ११२ + ४८ + ४ = २२०, बरोबर जुळते, आणि ही बेरीज जुळवून बघायची सवय लावाच, अर्ध्या चुका इथेच पकडल्या जातात. यालाच हायपरजिओमेट्रिक वितरण म्हणतात, नाव अवघड आहे पण आत फक्त हीच मोजणी आहे.

या चार आकड्यांतून एक गोष्ट लगेच दिसते. सगळ्यात जास्त वेळा, म्हणजे २२० पैकी ११२ वेळा, अडचण फक्त एकाच सेलची असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे टॉर्च पेटला नाही की हीच गोष्ट माणसाला चुकीच्या दिशेला नेते.

त्याआधी एक मुद्दा, कारण यावर वाद हमखास होतो. तीन सेल तीन जणांनी एकेक करून काढले तर मेलेला सेल हाती यायची शक्यता पहिल्याची जास्त का शेवटच्याची? बरेच जण म्हणतात की आधी काढणाऱ्याचा फायदा, आत चांगले जास्त असतात ना. हिशोब करा. पहिल्याची शक्यता ४/१२. दुसऱ्यासाठी दोन रस्ते आहेत: पहिला चांगला निघाला आणि दुसरा मेलेला, ८/१२ × ४/११ = ३२/१३२, किंवा पहिला मेलेला आणि दुसरा पण मेलेला, ४/१२ × ३/११ = १२/१३२. बेरीज ४४/१३२, म्हणजे परत १/३. तिसऱ्याचीही १/३ च. नंबर कितवा लागतो त्याने काहीच बिघडत नाही, जोपर्यंत आधीच्यांना काय मिळालं ते तुम्हाला माहीत नाही तोपर्यंत. आधीच्याने दाखवलं की माझा मेलेला निघाला, तर तुमची शक्यता लगेच ४/१२ वरून ३/११ वर येते. ड्रॉवर तोच, सेल तेच, बदललं ते तुम्हाला काय माहितीये ते. आणि हे उलट्या दिशेनेही चालतं, म्हणजे दुसरा सेल मेलेला निघाला एवढंच कळलं तर पहिला मेलेला असण्याची शक्यता पण ३/११ च होते, जरी पहिला आधी काढला असला तरी. वेळेचा क्रम आणि माहितीचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण "नंबराने फरक पडत नाही" हे कुठेही चिकटवू नका. खेळ असा असेल की जो सगळ्यात आधी खास वस्तू काढेल तो जिंकला आणि खेळ तिथेच संपला, तर पहिल्याला सरळसरळ फायदा असतो. १६५७ मध्ये डच गणितज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने नेमका असाच प्रश्न मांडला होता आणि गंमत म्हणजे आकडे अगदी आपलेच: १२ सोंगट्या, ४ पांढऱ्या ८ काळ्या, तीन खेळाडू डोळे बांधून आळीपाळीने काढणार, जो आधी पांढरी काढेल तो जिंकणार. काढलेली सोंगटी परत ठेवायची का नाही हे प्रश्नात स्पष्ट नव्हतं, आणि पुढे स्विस गणितज्ञ याकोब बर्नुलीने, त्याचं काम तो गेल्यावर १७१३ मध्ये छापलं गेलं, त्याने वेगवेगळे अर्थ धरून वेगवेगळी उत्तरं काढली. परत ठेवली तर तिघांच्या शक्यतांचं गुणोत्तर ९ : ६ : ४. परत नाही ठेवली तर ७७ : ५३ : ३५. एकाच वाक्यात एक शब्द कमी राहिला आणि उत्तरं दोन झाली. दुसरं उत्तर तपासायचं असेल तर चार पांढऱ्यांच्या जागा १२ मधून निवडायचे ४९५ प्रकार घ्या, पहिली पांढरी पहिल्याच वेळी येण्याचे १६५, दुसऱ्या वेळी १२०, तिसऱ्या वेळी ८४, मग ५६, ३५, २०, १०, ४, १, आणि ते तिघांत आळीपाळीने वाटा, २३१, १५९, १०५ येतात, तिन्हीला ३ ने भागलं की झालं.

आता परत टॉर्चकडे. बटण दाबलं, पेटला नाही, आणि हे होण्याची शक्यता १६४/२२० म्हणजे जवळपास ७५ टक्के, त्यामुळे आश्चर्य वाटायचं कारण नाही. आता काय? प्रत्येक जण काय करतो तर एक सेल काढतो आणि त्याच्या जागी ड्रॉवरमधला नवीन टाकतो, कारण मगाशी बघितलं तसं बहुतेक वेळा अडचण एकाच सेलची असते ना, मग एकच बदलू. ऐकायला एकदम लॉजिकल वाटतं. हिशोब करून बघू.

पेटला नाही हे कळल्यावर ५६ चांगले प्रकार बाद झाले, उरले १६४. त्यातले ११२ एक मेलेल्याचे, ४८ दोनाचे, ४ तिन्हींचे. एकच सेल बदलून टॉर्च पेटायचा असेल तर तीन गोष्टी एकदम जमून यायला हव्यात: मेलेला एकच असला पाहिजे, ११२/१६४. तुम्ही काढलेला सेल नेमका तोच असला पाहिजे, १/३. आणि नवीन टाकलेला चांगला असला पाहिजे, आता ड्रॉवरमध्ये ९ सेल, त्यात ३ मेलेले, म्हणून ६/९. गुणाकार केला की १५.२ टक्के येतात. फक्त.

दोन सेल बदलले तर? मेलेला एकच असेल तर तो काढलेल्या दोनात असण्याची शक्यता २/३, आणि नवीन दोन्ही चांगले यायची शक्यता १५/३६. मेलेले दोन असतील तर नेमके तेच दोन काढले असण्याची शक्यता १/३, आणि आता ड्रॉवरमध्ये ९ पैकी ७ चांगले म्हणून २१/३६. सगळं मिळून २४.७ टक्के.

आणि तिन्ही बाजूला ठेवून नवीन तीन टाकले तर: एक मेलेला बाहेर असेल तर उरलेल्या ९ मधून तीन चांगले २०/८४, दोन बाहेर असतील तर ३५/८४, तीन बाहेर असतील तर ५६/८४, आणि प्रत्येकाला त्या-त्या प्रकाराच्या शक्यतेने (११२/१६४, ४८/१६४, ४/१६४) गुणून बेरीज केली की ३०.१ टक्के.

म्हणजे एक बदलणं १५, दोन बदलणं २५, तिन्ही बदलणं ३०. बहुतेक जण जे करतात ते सगळ्यात वाईट आहे, आणि थोडंथोडकं नाही, निम्म्याने वाईट. कारण नीट समजून घ्या, या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. बटण दाबायच्या आधी प्रत्येक सेल सारखाच संशयित होता, ३३.३ टक्के. पेटला नाही म्हटल्यावर संशय सरकला. टॉर्चमधल्या तीन सेलात सरासरी मेलेले आता २२०/१६४ म्हणजे १.३४, म्हणजे त्यातला प्रत्येक सेल मेलेला असण्याची शक्यता ४४.७ टक्के झाली. मेलेले एकूण चारच, म्हणून ड्रॉवरमध्ये उरलेल्या ९ मध्ये सरासरी २.६६, प्रत्येकी २९.५ टक्के. आता सांगा, ४५ टक्के संशय असलेले दोन सेल टॉर्चमध्ये तसेच ठेवून एकच बदलण्यात काय अर्थ आहे? जे तीन नापास झाले त्यांच्यापेक्षा ड्रॉवरमधला कुठलाही सेल जास्त भरवशाचा आहे. म्हणूनच दुसऱ्या प्रयत्नाची शक्यता पहिल्यापेक्षा जास्त आहे, २५.५ वरून ३०.१, अपयशाने ड्रॉवर सुधारला.

हा फायदा फक्त एका अटीवर मिळतो, काढलेले तीन सेल बाजूला वेगळे ठेवायचे. वैतागून परत ड्रॉवरमध्ये फेकले आणि हलवलं की सगळी माहिती गेली, पुढचा प्रयत्न परत २५.५ टक्क्यांचा. बाजूला ठेवत गेलात तर दोन प्रयत्नांत पेटायची शक्यता ४७.९ टक्के, तीन प्रयत्नांत ६७.३, चारात ८३.६. परत टाकत गेलात तर तेच आकडे ४४.४, ५८.६ आणि ६९.१. चौथ्या प्रयत्नापर्यंत साडेचौदा टक्क्यांचा फरक, कष्ट तेवढेच. चार प्रयत्नांचं ८३.६ काढायचा छोटा रस्ता पण आहे: १२ सेलांचे तीन-तीनचे चार गट झाले, एकही गट पेटला नाही याचा अर्थ चार मेलेले सेल चार गटांत एकेक असे वाटले गेले, त्याचे प्रकार ३ × ३ × ३ × ३ = ८१, एकूण ४९५, म्हणून अपयश १६.४ टक्के. इतकं मोठं दिसणारं गणित एका ओळीत सुटतं, मला हे फार सुंदर वाटतं.

आणि समजा ते १६.४ टक्के तुमच्याच वाट्याला आले, चारही गट फेल. बहुतेक लोक इथे सोडून देतात पण खरं तर आता तुमच्याकडे सगळ्यात जास्त माहिती आहे, फक्त ते चार गट टेबलावर वेगवेगळे ठेवलेले असले पाहिजेत. प्रत्येक गटात बरोब्बर एक मेलेला आणि दोन चांगले आहेत, शंकाच नाही. आता तीन सेल कसे घ्याल? एका गटातले दोन आणि दुसऱ्यातला एक घेतला तर पहिल्या गटातले दोन्ही चांगले असण्याची शक्यता १/३, दुसऱ्यातला चांगला २/३, म्हणजे २२.२ टक्के. तीन वेगळ्या गटांतून एकेक घेतला तर २/३ × २/३ × २/३, म्हणजे ८/२७, २९.६ टक्के. आणि सगळं परत मिसळलं तर २५.५.

हो, तोच ८/२७. सुरुवातीला जो चुकीचा होता तो इथे अगदी बरोबर आहे, आणि सेल तर आपण एकदाही परत ठेवले नाहीत. कारण एका गटातला मेलेला सेल कुठला हे कळलं तरी दुसऱ्या गटाबद्दल काहीच कळत नाही, तिन्ही गट एकमेकांपासून स्वतंत्र झालेत. परत ठेवणं हा स्वतंत्रता मिळवायचा एक मार्ग आहे, एकमेव नाही. विद्यार्थी "परत ठेवलं तर तोच अपूर्णांक, नाही ठेवलं तर एकेक कमी" असं पाठ करून ठेवतात, पुस्तकातल्या गणितांत ते चालूनही जातं, पण असली केस आली की अडतात. खरं विचारायचं असतं ते एवढंच की आत्तापर्यंत जे कळलंय ते धरून पुढच्या सेलची शक्यता बदलते का, बदलत असेल तर किती.

शेवटचा भाग, सेल तपासायचा टेस्टर किंवा मल्टिमीटर हाताशी असेल तर. मग एकेक सेल काढायचा, तपासायचा, चांगला असेल तर ठेवायचा, तीन चांगले जमले की थांबायचं. किती सेल तपासावे लागतील? वाईटात वाईट ७, कारण चारही मेलेले आधी आले तरी पुढचे तीन चांगलेच असणार. ही खात्री फक्त परत न ठेवण्यामुळे आहे, परत टाकत राहिलात तर तोच मेलेला सेल कितीही वेळा हाताला लागू शकतो आणि कितीही तपासले तरी गॅरंटी मिळत नाही. तीनात काम होण्याची शक्यता २५.५ टक्के, चारात ५९.४, पाचात ८४.८, सहात ९७, सातात पूर्ण. सरासरी ४.३३, आणि त्याचा फॉर्म्युला पण छोटा आहे: हवे असलेले चांगले गुणिले एकूण अधिक एक, भागिले चांगले अधिक एक, म्हणजे ३ × १३ / ९. तो का चालतो ते असं बघा, १२ सेल ओळीत मांडले की ८ चांगल्या सेलांमुळे ९ मोकळ्या जागा होतात, सगळ्यात पुढची, मधल्या सात, आणि शेवटची, आणि ४ मेलेले या ९ जागांत सरासरी सारखेच पडतात, प्रत्येकी ४/९. तिसऱ्या चांगल्यापर्यंत तीन जागा ओलांडाव्या लागतात, म्हणजे १२/९ मेलेले अधिक ३ चांगले, ४.३३.

आता हे टॉर्चच्या चार प्रयत्नांशी ताडून बघा. टॉर्चने चार वेळा करून १२ च्या १२ सेल हाताळले तेव्हा ८३.६ टक्के मिळाले, टेस्टरने फक्त ५ सेल तपासून ८४.८ मिळतात, कारण टेस्टर प्रत्येक सेलचं वेगळं उत्तर देतो आणि टॉर्च तिघांचं मिळून एकच हो किंवा नाही.